सेंद्रिय शेती एकट्याने का जमत नाही? जालन्यात शिकायचे कुठे, गट करायचा कसा?

मृग लागला की जालन्यातल्या शेतकऱ्याचा मोबाइल खणखणू लागतो. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जीवामृताची कृती येते, दुसऱ्यावर कुठल्याशा टॉनिकची जाहिरात, तिसऱ्यावर ‘खर्च शून्य, उत्पन्न दुप्पट’ असा व्हिडिओ. माहितीची टंचाई नाही. पण ऑगस्टमध्ये सोयाबीनची पाने पिवळी पडू लागतात तेव्हा हा पिवळा मोझॅक आहे, लोहाची कमतरता आहे की पाणी साचल्याचा परिणाम, हे बांधावर येऊन सांगणारा कोणी सापडत नाही.

रासायनिक शेती करणाऱ्याला निदान कृषी सेवा केंद्राचे काउंटर असते. सल्ला बरोबर असो वा चूक, तो लगेच मिळतो. रसायने सोडलेल्या शेतकऱ्याला हे काउंटर उरत नाही. म्हणूनच लहान सेंद्रिय शेतकऱ्यासाठी शिकण्याची जागा आणि सोबतीचा गट ही हौस नसून शेतीचा भाग आहे. जालना जिल्ह्यात या जागा कोणत्या, त्यांचा उपयोग कसा करायचा आणि गटात अडचणी कुठे येतात, ते समजून घेऊ.

लहान शेतकऱ्याला गटाची गरज जास्त का?

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारण क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर आहे. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणारा शेतकरी अल्पभूधारक, तर एक हेक्टरपर्यंतचा अत्यल्पभूधारक धरला जातो.

तीन एकरांत प्रयोग करणे महाग पडते. वीस एकरवाला एक एकर बाजूला काढून नवी पद्धत तपासू शकतो. ती फसली तरी घर चालते. तीन एकरवाल्याने एक एकर घातला, तर वर्षाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा पणाला लागतो. शिवाय एका शेतातला एका हंगामाचा निकाल पावसावर, जमिनीवर आणि नशिबावरही अवलंबून असतो. वीस जणांनी प्रत्येकी पाच-दहा गुंठ्यांवर तोच प्रयोग केला, तर जोखीम वाटली जाते आणि निकालावर विश्वासही ठेवता येतो. गटाचा पहिला फायदा हा आहे. अनुदान नंतर येते.

जालना जिल्ह्यात शिकण्याची ठिकाणे कोणती?

पहिले ठिकाण खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र. जालना शहराजवळचे हे केंद्र मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था चालवते. येथील कृषी विज्ञान मंडळाचे मासिक चर्चासत्र दर महिन्याच्या ५ तारखेला भरण्याची प्रथा आहे. विषय हंगामाप्रमाणे बदलतो. निघण्यापूर्वी केंद्राला फोन करून त्या महिन्याचा विषय विचारून घ्यावा. एखाद्या दिवसाच्या मेळाव्यापेक्षा दर महिन्याची बैठक अधिक उपयोगी ठरते, कारण मागच्या वेळी ऐकलेले शेतात करून पाहिल्यावर पुढच्या वेळी प्रश्न घेऊन जाता येते.

दुसरे ठिकाण बदनापूर. येथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीचे बीडीएन-७११ आणि बीडीएन-७१६ हे वाण येथलेच. जिल्ह्यातील दुसरे कृषी विज्ञान केंद्रही बदनापुरात, विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. अंबड-घनसावंगीच्या शेतकऱ्याला खरपुडी लांब पडत असेल, तर कोणता विषय कोणत्या केंद्राकडे आहे याची चौकशी करून जावे.

तिसरे ठिकाण खुद्द परभणी. विद्यापीठाच्या तीन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. १८ मे हा विद्यापीठाचा वर्धापन दिन. त्या सुमारास खरीप पीक मेळावा होतो. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बी पीक मेळावा असतो आणि ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले जयंतीच्या निमित्ताने, महिला शेतकरी मेळावा. मेळाव्यात विद्यापीठाचे बियाणे आणि ‘बायोमिक्स’सारखी जैविक निविष्ठा विक्रीला असते. बियाण्यासाठी रांग मोठी असते, त्यामुळे गटातून दोघांनी जाऊन सर्वांसाठी आणणे सोयीचे.

घरबसल्या विचारायचे असेल तर किसान कॉल सेंटर आहे. २००४ पासून सुरू असलेला १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत लागतो आणि मराठीत बोलता येते.

‘आत्मा’ आणि शेतीशाळा म्हणजे नेमके काय?

कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, म्हणजेच ‘आत्मा’, ही शेतकरी गटांची नोंदणी, प्रशिक्षण, अभ्यास दौरे आणि शेतीशाळा यांसाठीची शासकीय यंत्रणा. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात तिचे तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापक भेटतात. अभ्यास दौरा किंवा प्रशिक्षण एकट्या शेतकऱ्याने मागण्यापेक्षा नोंदणी झालेल्या गटाने लेखी मागावे. मागणीचा कागद फायलीत राहतो, तोंडी बोलणे राहत नाही.

शेतीशाळेचे मूळ इंडोनेशियात आहे. भातावरील तपकिरी तुडतुड्यांनी फवारण्या वाढूनही पीक फस्त केले, तेव्हा १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने तेथे वेगळी पद्धत सुरू झाली. शेतकरी हंगामभर ठरावीक दिवशी एकाच शेतात जमत. किडी आणि मित्रकीटक मोजत, चित्र काढून मांडत आणि फवारणी करायची की नाही हे स्वतः ठरवत. महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे ‘पोकरा’त, शेतीशाळांवर भर होता आणि जालना त्या जिल्ह्यांत होता.

त्याचा उपयोग कसा होतो? कापसातल्या गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्या. २०१७ च्या खरिपात या अळीने राज्यभर नुकसान केले. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ नर पतंग सापडले, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानतात. हा आकडा पाठ करणे सोपे आहे. रोज सकाळी सापळा उघडून मोजणे आणि सहा पतंग असताना शेजारी फवारतोय म्हणून आपणही पंप न उचलणे, हे अवघड आहे. शेतीशाळेत नेमके हेच शिकायला मिळते, कारण मोजणारे आणि ठरवणारे वीस-पंचवीस जण बरोबर असतात.

प्रमाणपत्रासाठी गट का लागतो?

सेंद्रिय मालाला दर हवा तर ग्राहकाला पुरावा हवा. भारतात त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, म्हणजे ‘एनपीओपी’. यात मान्यताप्राप्त संस्था येऊन तपासणी करते. निर्यातीसाठी हाच मार्ग. रूपांतरणाचा काळ हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षे, तर बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या सेंद्रिय तोडणीपूर्वी तीन वर्षे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीला म्हणजे तीन वर्षे धीर धरावा लागेल. खर्च एकट्याला पेलत नाही, म्हणून २५ ते ५०० शेतकऱ्यांच्या गटाला एकत्र प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे.

दुसरा मार्ग सहभाग हमी पद्धतीचा, म्हणजे ‘पीजीएस-इंडिया’. किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो आणि एकमेकांची हमी देतो. रूपांतरणाच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’, तो पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ दर्जा मिळतो. हे प्रमाणपत्र देशातल्या बाजारासाठी आहे, निर्यातीला चालत नाही.

शिकण्याच्या दृष्टीने पीजीएसची खुबी तपासणीतच आहे. शेजाऱ्याच्या शेतात तपासणीला गेल्यावर त्याची खताची टाकी, फवारणीची वही, बांधावरची पट्टी सगळे पाहावे लागते. आपल्या चुका तेथे लक्षात येतात. मात्र पाचपैकी एकाने रात्री गुपचूप युरिया टाकला, तर धोका पाचही जणांना. त्यामुळे गटात कोण असावे हे नात्यावर ठरवू नये. वही लिहिणारा आणि स्पष्ट ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस भावकीतल्या दहा जणांपेक्षा कामाचा.

ग्राहकाला थेट विकणाऱ्या मूळ उत्पादकाला २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांत प्रमाणपत्रातून सूट आहे. फक्त ‘जैविक भारत’ हे चिन्ह त्याला वापरता येत नाही. म्हणजे जालना शहरातल्या पन्नास घरांना डाळ आणि ज्वारी द्यायची असेल, तर पहिल्या दिवसापासून प्रमाणपत्रामागे धावण्याची गरज नाही.

सरकारी योजनेत प्रशिक्षणाचा वाटा किती?

परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ पासून सुरू आहे. तिच्या सुधारित निकषांत तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये आहेत. त्यातील १५,००० रुपये निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात, ४,५०० विक्री व ब्रँडिंगसाठी, ३,००० प्रमाणीकरण व अंश तपासणीसाठी आणि ९,००० रुपये प्रशिक्षण व क्षमता बांधणीसाठी. खात्यात आलेले पैसे सगळ्यांना आठवतात. प्रशिक्षणाचे ९,००० आपल्याच नावावरचे आहेत, हे सहसा कोणी विचारत नाही. ‘या वर्षी आमच्या गटाची प्रशिक्षणे कधी, कोणत्या विषयावर?’ हा प्रश्न प्रत्येक सदस्याने विचारला पाहिजे.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. देशभरात १५,००० समूह, १ कोटी शेतकरी, १०,००० जैविक निविष्ठा केंद्रे आणि ३०,००० कृषी सखी असे त्याचे स्वरूप आहे. राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशनही आहे. विदर्भातील सहा जिल्ह्यांपुरते असलेले हे मिशन पुढे राज्यभर नेण्यात आले. आपले गाव कोणत्या समूहात बसते, हे गावच्या कृषी सहायकाकडून समजते.

कापूस सोडायचा का?

जालन्यात सेंद्रियकडे वळणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच हंगामात भेटतो. जनुकीय बदल केलेले बियाणे सेंद्रिय प्रमाणीकरणात चालत नाही. म्हणजे बीटी कापूस कितीही शेणखतावर वाढवला तरी तो सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. बाजारात मात्र बहुतेक पाकिटे बीटीचीच.

परभणी विद्यापीठाने देशी कापसाचे पीए-२५५ आणि पीए-४०२ यांसारखे वाण दिले आहेत. त्यांचे बियाणे कोणाकडे आहे, धाग्याला गिऱ्हाईक कोण, वेचणीला मजूर तयार होतात का, ही माहिती दुकानात मिळत नाही. ती आधी पेरलेल्या शेतकऱ्याकडूनच मिळते. ज्यांच्याकडे अशी ओळख नाही, त्यांनी पहिली दोन-तीन वर्षे तूर, मूग, हरभरा, ज्वारीपासून सुरुवात केलेली बरी.

बियाण्याची देवघेव कायद्याला धरून आहे का?

‘महिको’ ही कंपनी १९६४ मध्ये जालन्यात उभी राहिली, तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि जालना बियाण्यांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यामुळे बियाणे म्हणजे पाकीट, हे समीकरण येथे घट्ट आहे. पण पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. अट इतकीच की संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकायचे नाही.

सोयाबीन, हरभरा यांसारख्या स्वपरागीभवन होणाऱ्या सरळ वाणांत घरचे बियाणे चांगले चालते. संकरित वाणांत चालत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या. तेव्हापासून उगवण तपासणीवर भर वाढला. तपासणी सोपी आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत ठेवा, गुंडाळी सावलीत ठेवून ओलावा टिकवा, आठवडाभराने मोजा. सत्तरहून कमी उगवले तर पेरणीचे प्रमाण वाढवा, फारच कमी असतील तर ते बियाणे वापरू नका. गटाने मे महिन्यात एक दिवस ठरवून सगळ्यांचे बियाणे एकत्र तपासले, तर कोणाचे द्यायचे आणि कोणाचे बाजूला ठेवायचे हे तेथेच ठरते.

महिलांना यात जागा कुठे आहे?

खुरपणी, बियाणे निवडणे, गोठा ही कामे बायकांची आणि प्रशिक्षणाला पुरुष, हे चित्र नवे नाही. सातबारावर नाव नसल्याने योजनेच्या यादीतही नाव येत नाही. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने मराठवाड्यात, प्रामुख्याने धाराशिव-लातूर भागात, वेगळा मार्ग काढला. घरच्या जमिनीतील एक एकर बाईच्या ताब्यात द्यायचा, त्यात आधी घराच्या खाण्याची पिके घ्यायची, निविष्ठा घरीच बनवायच्या. या कामासाठी संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

जालन्यात ‘उमेद’ अभियानातील बचत गट हा त्यासाठी तयार पाया आहे. गटाची महिन्याची बैठक ठरलेली असते, हिशेबाची सवय असते, एकमेकींवर विश्वास असतो. त्याच बैठकीत अर्धा तास शेतीला दिला, तर वेगळा गट उभा करावा लागत नाही.

कडवंचीतून काय घ्यायचे?

जालना तालुक्यातील कडवंचीचे नाव द्राक्षे आणि शेततळ्यांसाठी घेतले जाते. १९९६ पासून भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तेथे माथा ते पायथा कामे झाली. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने गावाबरोबर हे काम केले. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्हा होरपळत असताना कडवंचीच्या बागा चर्चेत आल्या.

कडवंचीची द्राक्षशेती सेंद्रिय नाही. शेततळी भूजल उपसून भरली तर शेजारच्या विहिरींवर ताण येतो, हा आक्षेपही शेततळ्यांबाबत घेतला जातो. तरीही शिकण्यासारखी गोष्ट आहे ती क्रमाची. आधी गाव पाण्यासाठी एकत्र आले, नंतर पीक बदलले, आणि छाटणीपासून बाजारापर्यंतचे ज्ञान एका बांधावरून दुसऱ्या बांधावर गेले.

तसाच धडा रेशीम शेतीत आहे. २०१८ मध्ये जालन्यात राज्यातील पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली. त्यापूर्वी कोष विकायला कर्नाटकात रामनगरमपर्यंत जावे लागे. तुतीवर कीटकनाशक उडाले तर अळ्या मरतात, म्हणून रेशीम उत्पादकाला शेजाऱ्याच्या फवारणीकडे लक्ष ठेवावेच लागते. सेंद्रिय गटाला कमी फवारणीचे साथीदार शोधायचे असतील, तर अशा शेतकऱ्यांपासून सुरुवात करता येईल.

कंपनी काढावी का?

दहा उत्पादक एकत्र आले की शेतकरी उत्पादक कंपनी नोंदवता येते. २०२० मध्ये सुरू झालेल्या दहा हजार उत्पादक संघटनांच्या केंद्रीय योजनेचा लाभ घ्यायचा, तर सपाट प्रदेशात किमान ३०० सभासद लागतात. पण कंपनी म्हटली की दरवर्षी लेखापरीक्षण, विवरणपत्रे, सनदी लेखापालाची फी आली. माल विकलाच नाही तरी हा खर्च चुकत नाही. आधी दोन हंगाम एकत्र खरेदी आणि एकत्र विक्री करून पाहावी. हिशेब जुळला आणि भांडणे मिटवता आली, तरच कंपनीचा विचार करावा.

गट मोडतात ते कशामुळे?

बरेच गट अनुदानासाठी जन्मतात आणि अनुदानाबरोबर संपतात. अध्यक्ष एकच, वही त्याच्याच घरी, बैठक फक्त अधिकारी येणार तेव्हा. शिवाय पहिल्या एक-दोन वर्षांत उत्पादन घटू शकते. त्या वर्षी पीक कर्जाचा हप्ता आला की माणूस एकटा पडतो आणि परत दुकानाकडे वळतो.

त्यासाठी चार गोष्टी आधी ठरवाव्यात:

• महिन्याची एक तारीख पक्की. शेत दर वेळी वेगळ्या सदस्याचे, बैठक बांधावर.

• प्रत्येकाने सुरुवातीला सगळी जमीन न बदलता परवडेल तेवढाच तुकडा घ्यावा. मात्र प्रमाणपत्र हवे असेल तर पुढे संपूर्ण शेत कधी बदलणार, हेही ठरवावे.

• खर्च आणि उत्पादनाची वही सगळ्यांसमोर वाचावी, फसलेल्या प्रयोगासह.

• ‘सेंद्रिय’ लिहिलेली कोणतीही बाटली घेण्यापूर्वी तिची नोंदणी, घटक आणि पक्के बिल गटाने पाहावे. नाव सेंद्रिय असले म्हणजे आतला माल सेंद्रिय असतोच असे नाही.

सुरुवात कुठून करायची?

या आठवड्यात आपल्या गावातील किंवा शेजारच्या गावातील असे चार जण शोधा, जे निदान परसबागेत तरी रसायने वापरत नाहीत. पाचवे तुम्ही. पीजीएस गटाला लागणारी किमान संख्या एवढीच आहे. पुढच्या ५ तारखेला पाचही जण एकाच गाडीने खरपुडीला जा. चर्चासत्र संपल्यावर तज्ज्ञांभोवती गर्दी होते, त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या शेतकऱ्याचे गाव, पीक आणि मोबाइल नंबर विचारून घ्या. सोयाबीन पिवळे पडेल तेव्हा त्याच नंबरवर फोन लावता येईल.